ताई ची कोणाची? एका व्यायामाचा इतिहास आणि आपल्या आजी-आजोबांचा तोल



अर्जुनी मोरगावकडच्या एक आजी मागच्या दिवाळीच्या सुमारास मुलाबरोबर दवाखान्यात आल्या होत्या. वय सत्तरीच्या पुढे. रोवणीच्या दिवसांत धुऱ्यावरून चालताना त्या घसरून पडल्या. नशीब चांगलं, हाड मोडलं नाही. खरचटलं होतं ते आठ दिवसांत बरं झालं. पण मनात बसलेली भीती काही जाईना. आधी शेतात जाणं बंद झालं, मग शेजारी बसायला जाणं, मग अंगणात फिरणं. चार महिन्यांत आजी खाटेवरून न्हाणीपर्यंतही सुनेचा हात धरल्याशिवाय जाईनाशा झाल्या.

मुलाने खिशातून मोबाईल काढला. त्यावर एक व्हिडिओ होता. चीनमधल्या एका बागेत पन्नास-साठ म्हातारी माणसं पाण्यात चालल्यासारखी सावकाश हात-पाय हलवत होती. "डॉक्टरसाहेब, ही ताई ची आईला चालेल का?"

आजींनी मान वर केली. "कोणत्या ताईची जी?"

सगळे हसलो. हसणं थांबल्यावर मुलाने दुसरा मेसेज दाखवला. त्यात लिहिलं होतं की ताई ची ही मूळची भारताचीच विद्या, बोधिधर्माने ती चीनला नेली, आणि तिच्या पाच हजार वर्षांच्या गुप्त शक्तीने सगळे आजार बरे होतात.

तेव्हा आजींचा प्रश्न मला फारच योग्य वाटला. ताई ची नक्की कोणाची? ती किती जुनी? आणि तिच्यात जे औषधी आहे ते कुठून आलं? आज याच प्रश्नांची उत्तरं आपण पाहू. तुमच्या घरी साठी ओलांडलेलं कुणी असेल, तर हा लेख शेवटपर्यंत वाचा. कारण इतिहासातून जे निघतं ते थेट त्यांच्या पायांशी येऊन पोहोचतं.

नावातला गोंधळ

सुरुवात नावापासून करू. "ताई ची" मधला "ची" म्हणजे प्राणशक्ती, असं पुष्कळ लोक समजतात. चिनी भाषेत प्राणशक्तीसाठी, म्हणजे आपण ज्याला ढोबळमानाने प्राण किंवा वायू म्हणू त्यासाठी, "छी" असा शब्द आहे हे खरं. पण ताई ची मधला शब्द तो नव्हे. इंग्रजीतून येताना दोन्ही शब्द सारखेच दिसू लागले आणि घोटाळा झाला. मूळ नाव "ताइजीचुआन". "ताइजी" म्हणजे परम टोक, जिथून सगळ्याची सुरुवात होते ते आदितत्त्व. "चुआन" म्हणजे मूठ, मुष्टियुद्ध. थोडक्यात, ही आधी लढण्याची विद्या होती.

"ताइजी" ही कल्पना मात्र व्यायामापेक्षा कितीतरी जुनी आहे. "यी चिंग" या प्राचीन ग्रंथावरच्या टीकेत ती येते. अकराव्या शतकात चोउ तुन-यी या विचारवंताने ती आकृतीसह समजावून सांगितली. आधी हालचाल, मग स्तब्धता, त्यातून "यिन" आणि "यांग" ही जोडी आणि त्या जोडीतून सगळं जग, असा तो विचार.

यिन आणि यांग म्हणजे काही गूढ नाही. या शब्दांचा मूळ अर्थ डोंगराची सावलीची बाजू आणि उन्हाची बाजू. डोंगर एकच. सकाळी जिथे सावली असते तिथे दुपारी ऊन येतं. दोन्ही बाजू एकमेकींना धरून असतात आणि सतत बदलत असतात. एवढं लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

बोधिधर्म आणि साप-पक्ष्याची झुंज

आता त्या मेसेजकडे येऊ. बोधिधर्म हा भारतातून चीनला गेलेला बौद्ध भिक्षू. ध्यानमार्गी झेन परंपरा त्याला आपला आद्य गुरू मानते. शाओलिन मठाशी त्याचं नाव जोडलं जातं. पण त्याने मठात व्यायाम किंवा युद्धकला शिकवली ही गोष्ट त्याच्यानंतर हजारएक वर्षांनी लिहिली गेली. त्याच्या नावावर सांगितलं जाणारं व्यायामाचं पुस्तक सतराव्या शतकातलं आहे. आणि ताई चीचा तर शाओलिन मठाशीही थेट संबंध नाही.

मग चिनी लोक काय सांगतात? त्यांचीही एक सुंदर दंतकथा आहे. चांग सान-फेंग नावाचा ताओ पंथाचा साधू वूतांग पर्वतावर राहत होता. एक दिवस त्याने साप आणि पक्षी यांची झुंज पाहिली. पक्षी चोच मारायचा, साप अलगद बाजूला व्हायचा. मऊपणाने जोरावर मात करता येते हे त्याला उमगलं आणि ताई ची जन्मली.

कथा म्हणून छान आहे. पण इतिहास तपासणाऱ्या चिनी अभ्यासकांनीच तिला पुरावा नाही असं सांगितलं. त्यातलं ठळक नाव म्हणजे तांग हाओ. हा गृहस्थ कायद्याचा अभ्यासक होता, आणि साक्षीपुरावा तपासावा तशाच पद्धतीने त्याने व्यायामाच्या दंतकथा तपासल्या. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला तो हनान प्रांतातल्या चेन गावात गेला, तिथल्या घराण्याच्या जुन्या नोंदी वाचल्या, आणि ताई चीची मुळं साधूच्या गुहेत नसून या शेतकरी गावात आहेत असं मांडलं. त्याच्या सगळ्याच निष्कर्षांवर आजही एकमत नाही. पण ताई चीच्या ज्या शाळा आज प्रसिद्ध आहेत त्यांचा माग काढत गेलं की आपण या गावापर्यंत येतो, हे बहुतेक अभ्यासक मान्य करतात.

मी हे एवढं का सांगतोय? "पाच हजार वर्षांपूर्वीचं, म्हणून गुणकारी" असं म्हणायची आपल्याला सवय आहे. ताई चीच्या बाबतीत गंमत अशी आहे की तिच्यातला जो भाग तुमच्या आईच्या गुडघ्यांना झेपतो तो जुना नाहीच. तो गेल्या शंभर-सव्वाशे वर्षांत घडला आहे.

चेन गावातली तालीम

चेन गावातली गोष्ट सतराव्या शतकातली. चेन वांगतिंग हा त्या भागातला लढवय्या. १६४४ मध्ये मिंग राजवट कोसळली आणि तो गावी परतला. उतारवयात त्याने शेती केली, आणि मुलांना व नातवांना मुष्टियुद्ध शिकवलं असं सांगितलं जातं. त्याच्या घराण्याच्या पद्धतीतले बरेच पवित्रे सोळाव्या शतकातल्या ची जिग्वांग या सेनापतीने सैनिकांसाठी लिहिलेल्या पुस्तकातल्या पवित्र्यांशी जुळतात.

म्हणजे सुरुवातीला हे होतं गावरक्षणाचं शिक्षण. त्यात उड्या होत्या, पाय आपटणं होतं, अचानक जोराचा फटका होता. चेन पद्धतीत हे आजही पाहायला मिळतं. आणि ही विद्या घराण्याबाहेर सहसा जात नसे. आपल्याकडे एखादा वस्ताद खास डाव फक्त आपल्या पोरालाच शिकवायचा, तसंच.

विद्या घराबाहेर पडली

एकोणिसाव्या शतकात यांग लूचान (१७९९–१८७२) नावाचा एक गरीब घरातला माणूस चेन गावात आला. तो चेन घराण्यातला नव्हता. तिथल्या चेन चांगशिंग या गुरूकडे तो अनेक वर्षं राहिला आणि शिकला. पुढे तो राजधानी पेकिंगला गेला आणि राजदरबाराच्या रक्षकांना शिकवू लागला. लोक त्याला "अजिंक्य यांग" म्हणायचे.

इथे पहिला बदल झाला. एका घराण्याची विद्या बाहेरच्याकडे आली आणि खेड्यातून शहरात गेली.

दुसरा बदल त्याच्या नातवाच्या काळात झाला. यांग छंगफू (१८८३–१९३६) याने आजोबांच्या पद्धतीतल्या उड्या आणि जोराचे झटके काढून टाकले. सगळ्या हालचाली एकाच संथ लयीत आणल्या. सुरुवातीपासून शेवटपर्यंत न थांबता, न घाई करता. व्हिडिओत दिसणारी ती "पाण्यात चालल्यासारखी" ताई ची मुख्यतः याच्याकडून आलेली आहे.

हे त्या काळातच का घडलं? कारण तलवारी आणि मुठींचं युद्ध संपलं होतं. बंदुका आल्या होत्या. १९११-१२ मध्ये चीनची राजेशाही संपली. परकीय सत्ता चीनला "पूर्वेचा आजारी माणूस" म्हणून हिणवत होत्या. लोकांना बलवान करायचं तर व्यायाम सगळ्यांपर्यंत गेला पाहिजे, असं तिथल्या सुधारकांना वाटू लागलं. पेकिंगमध्ये आणि शांघायमध्ये सार्वजनिक वर्ग निघाले. यांग छंगफू आणि सुन लूथांग यांच्यासारखे नावाजलेले गुरू कारकून, शिक्षक, विद्यार्थी, व्यापारी अशा साध्या लोकांना शिकवू लागले. ज्यांना कुणाशी लढायचंच नाही अशी माणसं शिकायला येऊ लागली की शिकवणंही बदलतं. तसंच झालं.

त्याच काळात आपल्याकडे

हे वाचताना तुम्हाला काहीतरी ओळखीचं वाटलं असेल. कारण अगदी त्याच वर्षांत महाराष्ट्रातही हेच चाललं होतं.

१९१४ साली अमरावतीत अंबादासपंत आणि अनंत या वैद्य बंधूंनी श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ सुरू केलं. आखाड्याच्या मातीतल्या विद्येला शिस्तबद्ध शिक्षणाचं रूप दिलं. आपल्या विदर्भातल्या किती शाळांचे व्यायामशिक्षक तिथे तयार झाले हे जुन्या लोकांना ठाऊक आहे. औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कार देवघरातून काढून शाळेच्या मैदानावर आणले. १९२४ मध्ये स्वामी कुवलयानंदांनी लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन केलं, आणि आसनं व प्राणायाम करताना शरीरात काय होतं हे एक्स-रे आणि दाबमापक यंत्रं लावून तपासायला सुरुवात केली. परक्या सत्तेने दुबळं म्हटलेला समाज आपल्या जुन्या व्यायामाकडे नव्या डोळ्यांनी पाहत होता. इथेही आणि तिथेही.

आणि १९३६ साली तर या दोन वाटा एकाच शहरात पोहोचल्या. बर्लिनच्या ऑलिम्पिकच्या वेळी चीनने आपल्या पारंपरिक युद्धकलांचं पथक पाठवलं होतं. नऊ खेळाडू, त्यात तीन तरुणी. त्याच उन्हाळ्यात त्याच बर्लिनमध्ये अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने हुतूतू आणि इतर देशी व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिकं करून दाखवली. यांग छंगफू वारला तेही १९३६ सालीच.

इथून पुढे मात्र दोन्हीकडचा प्रवास थोडा वेगळा झाला. आपल्याकडे व्यायाम शाळांत गेला, मैदानावर गेला, पोलीस आणि सैन्यभरतीपर्यंत गेला. हे मोठंच काम होतं. पण तो राहिला मुख्यतः तरुणांचा. लग्न झालं की तालीम सुटते, पन्नाशी आली की मैदान सुटतं, आणि साठी उलटली की घरचे म्हणतात, "आता आराम करा." बायकांच्या वाट्याला तर तालीम आलीच नाही. त्यांचा व्यायाम म्हणजे रोवणी, निंदण, पाणी भरणं. ते थांबलं की सगळंच थांबलं.

चीनमध्ये ताई ची उलट दिशेने गेली. तरुण लढवय्यांकडून म्हाताऱ्यांकडे.

एकशे आठमधून चोवीस

त्याचं मोठं कारण १९५६ साली घडलं. नव्या चिनी सरकारच्या क्रीडा आयोगाने जाणकारांना बोलावलं आणि सांगितलं की सर्वसामान्य माणसाला शिकता येईल अशी ताई ची तयार करा. यांग पद्धतीचा पूर्ण क्रम मोजण्याच्या रीतीप्रमाणे शंभराच्या आसपास, काहींच्या मते १०८ हालचालींचा. तो शिकायला महिने लागायचे. समितीने पुन्हा पुन्हा येणाऱ्या हालचाली काढल्या, सोप्या आधी आणि अवघड नंतर अशी मांडणी केली, आणि २४ हालचालींचा क्रम बनवला. पूर्ण करायला पाच-सहा मिनिटं. ना गणवेश, ना साधन, ना फी. बाग किंवा अंगण पुरे.

जुन्या गुरूंपैकी अनेकांना हे रुचलं नाही. विद्येचा सत्त्वांश गेला असं त्यांना वाटलं. १९६६ पासूनच्या सांस्कृतिक क्रांतीत तर परंपरागत गुरूंना बराच त्रास झाला. त्यामुळे हा इतिहास सगळा गोडच आहे असं नाही. पण तो २४ हालचालींचा क्रम टिकला, आणि आज जगात सर्वात जास्त लोक तोच करतात. २०२० मध्ये युनेस्कोने ताई चीला मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं.

तत्त्वज्ञान पायात कसं उतरतं

आता परत डोंगराच्या ऊन-सावलीकडे या. ताई चीत हा विचार पायांत उतरवलेला आहे. ज्या पायावर शरीराचा भार आहे तो "भरलेला" पाय, ज्याच्यावर नाही तो "रिकामा". पूर्ण व्यायाम म्हणजे एक पाय हळूहळू भरत जातो आणि दुसरा रिकामा होत जातो. मग उलट. एक पाय पूर्ण रिकामा झाल्याशिवाय तो उचलायचा नाही. पाठ सरळ, खांदे सैल, श्वास सहज, नजर समोर.

यातल्या एका पवित्र्याचं नाव आहे "शुभ्र क्रौंच पंख पसरतो". सगळा भार मागच्या पायावर, पुढच्या पायाची फक्त बोटं जमिनीला टेकलेली, एक हात वर, एक हात खाली. गोंदियात राहणाऱ्याला हे वेगळं समजावून सांगायची गरज नाही. आपला सारस क्रौंचाच्याच कुळातला. धानाच्या बांधीत तो कसा उभा असतो, एक पाय किती शांतपणे उचलतो, हे तुम्ही पाहिलं असेल. त्याला घाई नसते, म्हणून त्याचा तोल जात नाही.

आता डॉक्टर म्हणून सांगतो. तोल सांभाळायला शरीर तीन ठिकाणांहून बातमी घेतं. डोळे, कानाच्या आतला तोलाचा अवयव, आणि तळपाय व सांध्यांमधल्या संवेदना. मेंदू ही बातमी जुळवतो आणि पायांच्या स्नायूंना हुकूम देतो. वय वाढतं तसं मोतीबिंदूने डोळ्यांची बातमी धूसर होते, मधुमेहाने तळपाय बधिर होतात, मांडीचे स्नायू झिजतात. यात पडायची भीती मिसळली की माणूस पाय घासत चालू लागतो. चालताना आपण बहुतेक वेळ एकाच पायावर असतो हे आपल्या लक्षात येत नाही. घाबरलेला म्हातारा माणूस नेमकं तेच टाळतो. एका पायावर पूर्ण भार द्यायचं सोडून देतो. मग ती क्षमताच जाते. आणि एक दिवस उंबरठ्याला ठेच लागते.

सावकाश भार बदलणं हा याच दुखण्यावरचा सराव आहे. वेगात चाललं तर वेगच आपल्याला पुढे नेतो. हळू चाललं तर प्रत्येक क्षणी स्नायूंना काम करावं लागतं आणि मेंदूला तळपायाची बातमी ऐकावी लागते.

तपासणीत काय आढळलं

हे नुसतं सांगण्यापुरतं नाही. १९९६ मध्ये अमेरिकेतल्या अटलांटा शहरातला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. सत्तरीपुढच्या २०० लोकांवर. १०८ हालचालींतून निवडून फक्त १० सोप्या हालचाली त्यांच्यापैकी एका गटाला १५ आठवडे शिकवल्या. त्या गटात वारंवार पडण्याचा धोका जवळजवळ ४७ टक्क्यांनी कमी झाला.

२०१२ मध्ये पार्किन्सन म्हणजे कंपवाताच्या १९५ रुग्णांवरचा अभ्यास आला. ताई ची करणाऱ्यांचा तोल सुधारला, आणि नुसतं स्ट्रेचिंग करणाऱ्यांपेक्षा ते कमी पडले. २०१८ मध्ये सत्तरी ओलांडलेल्या आणि पडण्याचा धोका असलेल्या ६७० लोकांना आठवड्यातून दोनदा, एक तास, २४ आठवडे व्यायाम दिला. ताई चीच्या गटाला शिकवल्या होत्या फक्त ८ हालचाली. स्ट्रेचिंगच्या तुलनेत त्यांचं पडणं ५८ टक्क्यांनी कमी झालं.

आकडे पाहा. १०८, मग २४, मग १०, मग ८. प्रत्येक वेळी कुणीतरी ती सोपी केली, आणि प्रत्येक वेळी ती आणखी दुर्बळ माणसापर्यंत पोहोचली. ज्याला आपण "गुप्त शक्ती" समजतो ती लपवण्यात नव्हती. ती वाटून टाकण्यात होती.

आता दुसरी बाजूही प्रामाणिकपणे सांगायला हवी. २०१९ मध्ये अशा सगळ्या अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला. त्यात तोल आणि उठणं-बसणं सुधारणाऱ्या इतर व्यायामांनीही पडणं सुमारे २४ टक्क्यांनी कमी होतं असं दिसलं. ताई चीसाठीचा आकडा सुमारे १९ टक्के होता, आणि त्यामागचा पुरावा त्यामानाने कच्चा होता. कंपवाताच्या अभ्यासातही वजन वापरून केलेल्या व्यायामापेक्षा ताई चीने पडणं ठळकपणे कमी झालं नव्हतं. म्हणजे ताई चीच हवी असा हट्ट नको. तिने मधुमेह बरा होत नाही, बीपीची गोळी सुटत नाही, कॅन्सर जात नाही. असा दावा करणारा व्हिडिओ दिसला तर तो पुढे पाठवू नका.

घरी काय करता येईल?

शिकवणारा जाणकार जवळ असेल तर उत्तमच. नसेल तर तिच्यातलं मूळ तत्त्व घरी आणता येतं. स्वयंपाकाचा ओटा किंवा जड टेबल धरून उभं राहायचं. खुर्ची हलकी असेल तर ती धरू नका, ती सरकते. सुरुवातीला घरातलं कुणीतरी बाजूला हवंच.

१. पाय खांद्याइतके लांब. पाठ सरळ, गुडघे अगदी किंचित वाकलेले. सावकाश पाच आकडे मोजत सगळा भार उजव्या पायावर न्या. थांबा. पाच मोजत डावीकडे. असं दहा वेळा.

२. हे जमलं की रिकाम्या पायाची टाच उचला, बोटं टेकलेलीच. आपला सारस आठवा.

३. मग एक पाऊल पुढे. आधी टाच टेकवा, मग तळवा, मग भार. परत मागे.

४. भिंतीला टेकवलेल्या पक्क्या खुर्चीवरून, शक्यतो हातांचा आधार न घेता, सावकाश उठणं आणि बसणं. पाच ते दहा वेळा.

रोज १५ मिनिटं पुरे. घसरणारी चप्पल नको. मधुमेहामुळे तळपाय बधिर असतील तर अनवाणी करू नका, बसके बूट घाला. गुडघा दुखेल इतकं खाली वाकू नका. चक्कर आली, छातीत दुखलं, दम लागला तर थांबा आणि डॉक्टरांना दाखवा. फार ठिसूळ हाडं, नुकतंच फ्रॅक्चर किंवा ऑपरेशन, वारंवार चक्कर असेल तर आधी विचारा, मगच सुरू करा.

आणि व्यायामाइतकंच महत्त्वाचं म्हणजे वर्षभरात दोनदा पडलेल्या माणसाची नीट तपासणी. उभं राहिल्यावर बीपी उतरतं का, झोपेच्या गोळ्या चालू आहेत का, मोतीबिंदू पिकला आहे का, रात्री न्हाणीपर्यंत उजेड आहे का.

आजींचं काय झालं?

एक कबुली देतो. माझ्या डॉक्टरकीच्या सुरुवातीच्या वर्षांत अशा आजी आल्या की मी सांगायचो, "आता जपून राहा, फार हिंडू नका." ते प्रेमाने सांगायचो, पण चुकीचं सांगायचो. पडायच्या भीतीने बसलेला माणूस बसल्या बसल्या आणखी कमजोर होतो आणि मग उठताना पडतो. आराम सांगताना मीच त्यांच्या पायांतलं उरलंसुरलं बळ काढून घेत होतो.

त्या आजींना मी ताई चीचा इतिहास सांगितला नाही. एवढंच विचारलं, "आजी, रोवणीत चिखलातून पाय कसा काढत होता?"

त्या खाटेवरून उतरल्या, टेबलाला धरलं आणि करून दाखवलं. आधी एका पायावर पूर्ण भार. मग दुसरा पाय अलगद, न ओढता वर. मग मागे टेकवायचा, आणि पक्का लागल्यावरच भार. चिखलात घाई केली तर पाय रुततो, हे त्यांना कुणी पुस्तकातून शिकवलं नव्हतं. भरलेला पाय आणि रिकामा पाय, पन्नास वर्षं त्या हेच करत आल्या होत्या.

"हेच रोज करायचं," मी म्हटलं. "ओटा धरून."

"बस एवढंच जी?"

आजी आजही सावकाशच चालतात, काठी सोबत असते. भीती पूर्ण गेलेली नाही. पण न्हाणीपर्यंत एकट्या जातात, सकाळी अंगणात येतात. यंदा रोवणीच्या वेळी मुलाने त्यांना शेताच्या कडेला खुर्ची टाकून दिली. ते सांगताना मुलगा म्हणाला, "साहेब, ती खुर्चीवर बसतच नव्हती."

तेव्हा ताई ची कोणाची? चेन गावच्या शेतकऱ्यांची, अजिंक्य यांगची, बागेतल्या पन्नास-साठ म्हाताऱ्यांची. आणि ज्याला दोन पायांवर उभं राहायचं आहे त्या प्रत्येकाची. ती भारतातून गेली नाही, पण आपल्याकडे यायला कुणाची ना नाही. आज संध्याकाळी घरातल्या आजी-आजोबांना "आराम करा" म्हणण्याआधी त्यांना हात द्या, ओट्यापाशी उभं करा आणि पहिले दहा वेळा त्यांच्या शेजारी उभं राहून तुम्हीही करा.

काळजी घ्या, पडू नका आणि पडायच्या भीतीने बसूनही राहू नका.